जलाशयाकाठचे डोंगर आणि एम.एस्सी.चा प्रश्न

प्रश्न : मी कराडला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भूशास्त्र. जलविद्युत प्रकल्पांच्या जलाशयांवरचे डोंगरउतार सरकतात का, यावर सतत लक्ष ठेवतात असं वाचलं. यात करिअर होतं का? बाबा म्हणतात, एम.एस्सी.त दोन वर्षं घालवण्यापेक्षा ड्रोन-जीआयएसचा (संगणकावर नकाशे आणि जागेची माहिती हाताळण्याचा) कोर्स कर.

उत्तर : होतं, पण बहुतेक काम हिमालयात. तू बेसॉल्टचे आडवे थर पाहत शिकतेयस. उत्तराखंडातल्या टिहरी धरणाच्या परिसरात फिलाइटसारखे घड्या पडलेले, पापुद्रे सुटणारे खडक आहेत. तिथल्या जलाशयाची पातळी रचनेनुसार ८३० ते ७४० मीटरच्या दरम्यान खालीवर होते. पाणी झपाट्याने उतरलं की काठाला असलेला त्याचा आधार जातो, पण भेगांत मुरलेलं पाणी तितक्या लवकर निचरत नाही. त्याच्या दाबाने उतार सुटू शकतो. म्हणून तिथे बोअरमध्ये इन्क्लिनोमीटर (जमीन आतून किती सरकते-कलते ते मोजणारं) आणि पिझोमीटर (मुरलेल्या पाण्याचा दाब मोजणारं) बसवतात, उतारावर परावर्तक प्रिझम लावून त्यांची जागा टोटल स्टेशन या सर्वेक्षणाच्या उपकरणाने मोजतात.

बाबांचं म्हणणं उडवून लावू नकोस. जुलै २०२५ मध्ये सोडलेल्या, नासा आणि इस्रोच्या निसार उपग्रहासारख्या रडारमुळे जमिनीची बारीक हालचाल वरून टिपता येते, आणि ते डेटा हाताळणारी माणसं लागणारच आहेत. पण आधी इटलीतल्या वायोंत धरणाबद्दल वाच. १९६० मध्ये मोंते तोक डोंगरावर सुमारे दोन किलोमीटर लांबीची भेग पडली. उतार किती सरकतो याच्या नोंदी त्यानंतर चालूच होत्या. ही पुरातन दरड आहे, असं एदोआर्दो सेमेंझा या तरुण भूवैज्ञानिकाने सांगितलं होतं. धरणाचा आराखडा करणाऱ्या अभियंत्याचाच तो मुलगा! तरी पाण्याची पातळी सावकाश खालीवर केली की सरकणं आटोक्यात राहील, असा हिशेब मांडला गेला. ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री, पाणी उतरवत असतानाच, सुमारे २७ कोटी घनमीटर खडक जलाशयात कोसळला. धरण टिकलं, पण त्यावरून उसळलेल्या लाटेने लोंगारोने गाव धुऊन नेलं. सुमारे दोन हजार माणसं गेली. रोजचे आकडे हाताशी होते. चुनखडीतले चिकणमातीचे पातळ थर आणि त्यांवरचा पाण्याचा दाब यांचं चित्र मात्र अपुरं होतं.

ते चित्र उभं करायला संरचनात्मक भूशास्त्र (खडकांच्या थरांचा, घड्यांचा, भेगांचा अभ्यास) आणि भूजल पक्कं लागतं. म्हणून माझं मत एम.एस्सी.च्या बाजूने आहे. जीआयएस सुट्टीत शीक, जमलं तर पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषाही थोडी. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी यूपीएससीची जी भूवैज्ञानिक परीक्षा असते, तिलाही पदव्युत्तर पदवी लागतेच. एनएचपीसी, एसजेव्हीएन, टीएचडीसी या जलविद्युत कंपन्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेव. तिथे जागा थोड्या निघतात. सल्लागार कंपन्यांतही अर्ज कर. पोस्टिंग आडगावी, रस्ते बंद पडणाऱ्या खोऱ्यांत असतं, हे घरी आत्ताच सांगून ठेव.

आयआयटीतल्या एम.एस्सी.साठी जॅम या प्रवेश परीक्षेचा जिऑलॉजीचा पेपर द्यावा लागतो. अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात भरतात, म्हणजे तुला तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच.