नकाशा पास झाला, पण खालच्या काळ्या मातीचं काय?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही लातूर जिल्ह्यातले, औसा तालुका. गावठाणात ३० बाय ५० चा प्लॉट आहे, नकाशा ग्रामपंचायतीत दिला, पैसेपण भरून झाले. जमीन काळीभोर आहे. मिस्त्री म्हणतो चार फूट पाया घेऊ, इथं सगळ्यांचं तसंच आहे. धाकटा भाऊ म्हणतो आधी माती तपासा. कागदपत्रं झाल्यावर परत माती तपासायची गरज असते का? पावसाच्या आत जोत्यापर्यंत काम न्यायचंय.

उत्तर: दादा, भावाचं ऐका. नकाशात खोल्या बघतात, सामासिक अंतर म्हणजे हद्दीपासून सोडायची मोकळी जागा बघतात, तुमच्या प्लॉटखाली किती फुटांवर मुरूम लागतो ते त्या कागदावर कुठंच नसतं. गावात ३,२०० चौरस फुटांपर्यंतच्या प्लॉटला नगररचना खात्याची वेगळी परवानगी लागत नाही, त्याने हेलपाटे वाचले हे चांगलंच झालं, पण त्यामुळे जमिनीची जबाबदारी सगळी तुमच्यावर आणि ज्या इंजिनिअरने नकाशावर सही केली त्याच्यावर आली. त्याला एकदा प्लॉटवर बोलवा, नुसती सही घेऊन सोडू नका.

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, आपल्याकडे चैत्र-वैशाखात शेतात कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात ते तुम्ही रोज बघताच, तेच घराखाली पण चालू असतं. माझ्या माहेरी असंच झालं. चार फुटांचा पाया, खाली काळीच माती. तिसऱ्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा गेला, मे महिन्यात त्यात दहाचं नाणं उभं शिरायचं, आणि श्रावण लागला की तडा मिटायचा पण न्हाणीघराचं दार चौकटीत घट्ट बसायचं. आई दरवर्षी ते दार रंधून घ्यायची. दोनदा प्लास्टर केलं, दोन्ही वेळा तडा त्याच जागी परत आला, कारण दुखणं भिंतीत नव्हतंच.

आता काय करायचं. पहिलं म्हणजे जवळच्या विहिरीत डोकावून बघा, काळी कुठं संपते, पिवळी कुठून सुरू होते, मुरूम किती खाली आहे, कडेला सगळं दिसतं. मग तुमच्याच प्लॉटवर जेसीबीने एक खड्डा घ्या, आठ-दहा फूट, पण आत कुणी उतरायचं नाही, काळ्या मातीच्या कडा एकदम ढासळतात. त्यातली माती लॅबला द्या आणि 'फ्री स्वेल' टेस्ट सांगा. साधी टेस्ट आहे, दहा-दहा ग्रॅम माती दोन नळ्यांत, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते, २४ तासांनी दोन्हींतला फरक मोजतात. तो ५० टक्क्यांच्या वर गेला की नुसत्या चार फुटांवर घर उभं करू नका.

मुरूम पाच-सहा फुटांवर लागला तर फुटिंग, म्हणजे कॉलमखालचं पसरट बूड, सरळ मुरमावर टेकवा, आणि जोत्याच्या आत भराव करताना खोदलेली काळी माती परत टाकू देऊ नका. मिस्त्री लोक हमखास टाकतात, वाहतूक वाचते म्हणून. मुरूमच टाका, सहा-सहा इंचाचे थर, पाणी मारून धुमस करून. मुरूम फार खोल असेल तर अंडर-रीम पाइल विचारा, बुडाशी कांद्यासारखा फुगवटा असलेला काँक्रीटचा खांब. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने (सीबीआरआय) तो अशाच मातीसाठी काढला. तो कमीत कमी साडेतीन मीटर खाली जातो, तिथं ओल फारशी कमीजास्त होत नाही आणि वरची माती फुगली तरी फुगवट्यामुळे खांब उपटला जात नाही. त्यावरच्या बीमखाली ८ सेंटिमीटर तरी पोकळी ठेवायला सांगा, नाहीतर फुगणारी माती बीमच वर ढकलते.

आणि पाणी घरापासून लांब न्या. चारी बाजूंनी फरशीचा उताराचा पट्टा करा, शोषखड्डा भिंतीला लागून नको, लिंबाचं झाड पण दूर लावा, मुळं एकाच बाजूची ओल ओढतात आणि घर तिकडं खचतं.

औशाचे आहात म्हणून अजून एक. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आपल्याकडे कुणाला सांगावा लागत नाही. किल्लारीचा भाग तेव्हा भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होता, २००२ मध्ये तो तीनमध्ये आला. जास्त करून दगड-मातीच्या जाड भिंती पडल्या, वरून माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, ओझं. तेव्हा जोत्याला, खिडकी-दारांच्या वर आणि छताला सलग काँक्रीटचे पट्टे घ्याच, "सगळ्यांचं तसंच आहे" हे इथं चालवून घेऊ नका.

पावसाची घाई समजते, पण खड्डा आणि टेस्टला काही महिने लागत नाहीत. खड्डा झाला की आत टेप सोडून थरांचा फोटो काढा, इंजिनिअरला दाखवा आणि मलाही पाठवा, मुरूम किती फुटांवर लागला ते कळलं की पुढचं बोलता येईल.