उंची ५ फूट ११ इंच, वजन ९०-९५ किलो आणि पोट थोडे सुटलेले असेल, तर गडांवरच्या मुक्कामी ट्रेकसाठी कोणत्या मापाची सॅक घ्यावी?

तुम्ही लिहिले आहे की मित्राची लार्ज मापाची सॅक घेऊन गेलात तेव्हा ती चढावर सतत कमरेवरून खाली घसरत होती, तरीही दुकानदार तुमची उंची पाहून लार्जच घ्या असा आग्रह धरतो आहे. शिवाय परदेशात शिकाऱ्यांसाठी बनवतात तशी मोठ्या फ्रेमची, म्हणजे पाठीलगतच्या कडक सांगाड्याची, सॅक मागवावी का, आणि ६० लिटर घ्यावी की ७०, हेही तुम्ही विचारले आहे. यातल्या ‘उंची पाहून’ या दोन शब्दांमुळे मी हे उत्तर लिहायला बसले. उंची पाहून सॅक विकणाऱ्याला सॅक कळत नाही आणि उंची सांगून सॅक मागणाऱ्यालाही ती कळत नाही, असे माझे ठाम मत आहे, आणि या मतावरून आमच्या घरात एक वाद अजून चालू आहे.

माझे दीर सहा फूट उंच आहेत आणि मी पाच फूट एक इंच आहे. साल्हेर-मुल्हेर या गडांचा बेत ठरला तेव्हा खरेदीची जबाबदारी भाऊजींनी स्वतःकडे घेतली, आणि नाशिकमधल्या एका दुकानातून स्वतःसाठी लार्ज मापाची व माझ्यासाठी, मला सोबत न नेता, त्याच कंपनीची सर्वांत आखूड पाठीची सॅक घेऊन आले. “वहिनी, तुमच्या उंचीला हीच बसणार,” असे त्यांनी दारातच सांगून टाकले. घरी रिकामी सॅक चढवून पाहिली तेव्हाच कमरेचा पट्टा बेंबीच्या वर येत होता, आणि मी तसे बोलूनही दाखवले. त्यावर “सामान भरलं की येतो खाली” असे उत्तर मिळाले. सामान भरल्याने पट्टा खाली येत नाही. सॅकच्या फ्रेमची लांबी जेवढी असते तेवढीच राहते आणि पट्टा त्या फ्रेमच्या तळाशी जोडलेला असतो, हे सहा फूट उंचीच्या माणसाला समजावून सांगण्याइतका वेळ त्या दिवशी कोणाकडे नव्हता.

साल्हेर १५६७ मीटर उंच आहे. कळसूबाईनंतरचे हे राज्यातले दुसरे उंच शिखर, आणि किल्ल्यांपुरते बोलायचे तर सर्वांत उंच. २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशांतल्या १२ किल्ल्यांपैकी एक म्हणून तो जागतिक वारसा यादीतही गेला. वाघांबे गावाकडून चढताना आधी साल्हेर आणि सालोटा यांच्यामधली खिंड गाठावी लागते आणि त्यानंतर कातळात खोदलेल्या पायऱ्या व एकामागून एक दरवाजे लागतात. खिंडीपर्यंतच्या चढणीतच माझे सगळे ओझे खांद्यांवर आले होते, कारण पट्टा कमरेच्या हाडावर नसून पोटाच्या मऊ भागावर होता. आवळला तर श्वास कोंडायचा आणि सैल सोडला तर त्याचा असून नसून सारखाच उपयोग. खिंडीत सॅक उतरवली तेव्हा डाव्या हाताची दोन बोटे बधिर झाली होती आणि पाण्याच्या बाटलीचे झाकण मला पिरगळता येत नव्हते. गळ्याखालच्या हाडावर पट्ट्याच्या शिवणीचा लाल वळ उठला होता आणि त्यात टाके मोजता येतील इतकी शिवण स्पष्ट दिसत होती.

भाऊजींनी ते झाकण माझ्या हातातून घेतले, उघडले आणि साऱ्या गटासमोर म्हणाले, “बायकांच्या खांद्यांत जोर कमीच असतो, म्हणून मी आधीपासून म्हणत होतो की वहिनींचं सामान वाटून घेऊ.” त्यानंतर माझ्या सॅकमधला तांदूळ, स्टोव्ह आणि भांडी माझ्याकडून काढून इतरांत वाटली गेली. राग आला तो या वाटणीचा. माझ्या खांद्यांना काही झालेले नव्हते, दोष सॅकच्या पाठीत होता. आणि हे बोलणाऱ्या भाऊजींची स्वतःची सॅक त्याच वेळी त्यांच्या कमरेवरून घसरून मांड्यांवर आली होती, प्रत्येक पायरीला ती मागून धडकत होती, आणि ते दर थोड्या वेळाने दोन्ही हात मागे नेऊन तिला खालून वर उचलत होते. त्यांच्या बाबतीत मात्र त्याला ‘सवय नसणे’ असे म्हणायचे होते.

परत आल्यावर निकाल सासूबाईंनी लावला. त्यांनी बरीच वर्षे घरी शिवणकाम केलेले आहे. आमची वादावादी ऐकून त्या टेप घेऊन आल्या आणि मुलाला म्हणाल्या, “ब्लाउज कधी उंचीवर बेततात का रे? पाठ मोजून बेततात.” माझी पाठ साडेसतरा इंच भरली आणि भाऊजींची अठरा. दोघांच्या उंचीतले अकरा इंचांचे अंतर जवळजवळ सगळे त्यांच्या पायांत होते. त्यांनी पुन्हा मोजायला लावले, पुन्हा अठराच भरले, तेव्हा टेप सैल धरली होती असा त्यांचा निष्कर्ष निघाला आणि तो आजतागायत कायम आहे.

म्हणून तुम्ही सर्वप्रथम पाठ मोजून घ्यावी, आणि ती दुसऱ्याकडून मोजून घ्यावी, कारण स्वतःची स्वतः मोजताना माणूस वाकतो. मान पुढे झुकवली की मानेच्या तळाशी जो मणका सर्वांत ठळक उठून येतो, तो सातवा मणका म्हणजे वरचा बिंदू. खालच्या बिंदूसाठी दोन्ही हात कमरेवर असे ठेवावेत की बोटे पुढच्या बाजूला कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर येतील आणि अंगठे मागे पाठीवर. दोन अंगठ्यांना जोडणारी रेघ जिथे पाठीच्या कण्याला छेदते, तो खालचा बिंदू. मग ताठ उभे राहून, टेप कण्याच्या वळणाला धरून मोजावे. पॅन्टचा पट्टा जिथे बांधता तिथपर्यंत मोजू नये, विशेषतः पोट असलेल्यांनी, कारण त्यांची पॅन्ट हाडाच्या बरीच खाली असते. ही लांबी १८ इंचांच्या आसपास निघाली तर बहुतेक कंपन्यांच्या तक्त्यात ती मध्यम मापात बसते. लार्ज साधारणपणे वीसच्या आगेमागे सुरू होते. तुम्ही ज्या घसरणीचे वर्णन केले आहे, त्यावरून तुमचीही उंची पायांत असावी आणि पाठ मध्यम मापाची असावी असा माझा दाट संशय आहे.

पोटाविषयी दुकानात कोणी स्पष्ट बोलत नाही, म्हणून मी बोलते. कमरेच्या पट्ट्याचा मऊ, जाड भाग हाडाच्या कडेवर मधोमध बसला पाहिजे, म्हणजे अर्धा कडेच्या वर आणि अर्धा खाली, आणि बकल पोटाच्या खाली आले पाहिजे. पोटावरून पट्टा बांधला की पोट चालताना त्याला ढकलत राहते आणि सॅक खाली सरकते, मग पाठीचे माप कितीही अचूक असो. पट्टा आवळल्यानंतर दोन्ही बाजूंचे जाड भाग पुढे एकमेकांना टेकत असतील तर पट्टा तुम्हाला मोठा आहे. मध्ये काही इंच फट उरली पाहिजे, कारण दुसऱ्या दिवसापर्यंत तो आणखी आवळावा लागतो. याउलट जाड भाग कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापर्यंतही पोहोचत नसतील तर पट्टा लहान आहे. काही सॅकचा कमरपट्टा वेगळा काढून मोठ्या मापाचा बसवता येतो. मध्यम पाठ आणि मोठा घेर असलेल्या माणसाने अशीच सॅक शोधावी आणि त्यासाठी चार पैसे जास्त मोजावे लागले तर मोजावेत.

स्त्रियांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या सॅकवर भाऊजी हसतात, कारण त्यांच्या मते फरक फक्त रंगाचा असतो. काही सॅकबाबत ते खरेही असेल, परंतु चांगल्या बनावटीत खांद्यांचे पट्टे एकमेकांच्या जवळ आणि छातीच्या बाजूने वळण घेणारे असतात, आणि कमरेचा पट्टा रुंद कटीवर बसेल अशा तिरक्या कापाचा असतो. अरुंद खांद्यांच्या पुरुषानेही अशी सॅक एकदा चढवून पाहण्यात कमीपणा मानू नये.

शिकाऱ्यांच्या सॅकबद्दल थोडक्यात सांगते. अमेरिकेत एल्कसारख्या मोठ्या हरणाची शिकार झाल्यावर मांसाचे भले मोठे तुकडे पाठीवरून वाहून आणावे लागतात, म्हणून त्या सॅकची पिशवी फ्रेमपासून सुटी होते आणि मांस मधल्या जागेत बांधले जाते; बंदूक किंवा धनुष्य अडकवायलाही सोय असते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वन्यप्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे, तेव्हा तेवढ्या मजबूत फ्रेमचे वजन तुम्ही कशासाठी वाहणार आहात, याचा विचार करावा. त्या सॅकमधली एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे: पाठीची लांबी खाली-वर करता येते आणि कमरेचा पट्टा खरोखर ओझे पेलण्यासाठी बनवलेला असतो. अशी सोय ट्रेकिंगच्या साध्या सॅकमध्येही मिळते. डोक्याच्या वर जाणारी फ्रेम घेऊन हरिहर गडावर गेलात तर काय होते ते मी पाहिले आहे: पहिला जिना संपून दरवाजा ओलांडला की कातळाच्या पोटातून वाकून जावे लागते, तिथे सॅकचे वरचे टोक छताला अडकते आणि माणूस दरीच्या बाजूला कलतो.

दुकानात सॅक कागद किंवा फोम भरून टांगलेली असते आणि तशी ती कोणालाही शोभते. दोन-दोन लिटरच्या चार-पाच भरलेल्या बाटल्या सोबत न्याव्यात, त्या सॅकमध्ये पाठीलगत ठेवाव्यात, आणि सगळे पट्टे सैल करून मगच सॅक चढवावी. आधी कमरेचा पट्टा हाडावर बांधावा, मग खांद्याचे पट्टे ओढावेत, मग खांद्यावरून फ्रेमकडे जाणारे छोटे पट्टे हलकेच ताणावेत आणि छातीचा पट्टा सर्वांत शेवटी लावावा. ते छोटे पट्टे खांद्यापासून वर फ्रेमकडे तिरके, साधारण ४५ अंशांत गेले पाहिजेत. ते आडवे किंवा खाली उतरते दिसले तर फ्रेम तुम्हाला आखूड आहे. खांद्याचा पट्टा आणि खांदा यांच्यामध्ये वरच्या बाजूला पोकळी दिसत असेल तर फ्रेम लांब आहे. त्यानंतर दुकानाच्या जिन्यावर किमान पंधरा मिनिटे चढ-उतार करावी. दुकानदार कंटाळेल, त्याला कंटाळू द्यावे. “वापरली की बसते अंगाला” असे जो म्हणेल त्याच्याकडून घेऊ नये. चामड्याच्या चपलेबद्दल ते खरे असेल, ॲल्युमिनियमच्या पट्टीबद्दल नाही. आणि घरातला कोणी अनुभवी माणूस तुमच्यासाठी परस्पर सॅक आणत असेल तर, तो वयाने आणि मानाने मोठा असला तरी, त्याला नम्रपणे थांबवावे.

काही गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या त्या आता लिहिते. कंपनीगणिक मापे बदलतात, त्यामुळे ‘मध्यम’ या अक्षरांवर न जाता इंच वाचावेत. पांडवलेणी, चामरलेणी किंवा रामशेज अशा एका दिवसाच्या भटकंतीला पाच-सहा किलोच्या पिशवीसाठी यातले काहीच करण्याची गरज नाही. मुक्कामी ट्रेकला भरलेली सॅक आपल्या वजनाच्या एक पंचमांशापेक्षा जड नसावी असा सर्वसाधारण ठोकताळा आहे, परंतु तो तुमच्या ९०-९५ किलोंना सरळ लावू नये, कारण पोटाचे वजन ओझे वाहायला मदत करत नाही; तुम्ही १३-१४ किलोंवर थांबावे. पट्टा फार आवळल्याने मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या येत असतील तर तो सैल करावा, आणि हाताची किंवा मांडीची बधिरता घरी परतल्यावरही जात नसेल तर डॉक्टरांना दाखवावे. हर्नियाचा त्रास असेल किंवा पोटाची शस्त्रक्रिया झालेली असेल तर कमरेचा पट्टा बांधण्याआधीच त्यांना विचारावे.

लिटरचा प्रश्न राहिला. दोन मुक्कामांसाठी ६० पुरेशी आहे, पन्नासातही भागते. भाऊजींकडे ७५ लिटरची आहे आणि रिकामी जागा दिसते म्हणून ते तीत घरची उशी घालून नेतात.