इंग्रजीचा पेपर आणि घरात बंद झालेली मराठी

इंग्लंडमधल्या रेडिंगहून एका आईचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी इयर इलेव्हनमध्ये आहे, येत्या मे-जूनमध्ये तिची जीसीएसई, म्हणजे इथली शालान्त परीक्षा आहे आणि सराव परीक्षेत 'इंग्रजी भाषा' या विषयात तिला ५ ग्रेड (सर्वोच्च ९) मिळाली आहे. पत्र चांगले लांबलचक आहे. त्यात शिकवणीच्या फीचा हिशेब आहे, मुलीच्या अक्षराची तक्रार आहे, ईस्टरच्या सुट्टीत कोल्हापूरला पुतण्याच्या लग्नाला जावे की नाही हा प्रश्न आहे आणि सिक्स्थ फॉर्मच्या, म्हणजे जीसीएसईनंतरच्या दोन वर्षांच्या प्रवेशाची धास्ती आहे. मी मात्र थांबले ते जाता जाता लिहिलेल्या काही वाक्यांपाशी: "सप्टेंबरपासून आम्ही घरात मराठी पूर्ण बंद केली आहे. जेवतानाही इंग्रजीच बोलतो. परीक्षा होईपर्यंत तरी इंग्रजीची सवय मोडू नये, असे तिच्या बाबांचे म्हणणे आहे."

ताई, तुमची धास्ती मला परकी नाही. आपल्यापैकी कितीतरी जण तालुक्याच्या गावांतून, मराठी शाळांतून इथवर आलो. पाचवीत एबीसीडी गिरवली, दहावीला इंग्रजी निबंध गाइडमधून पाठ केले आणि नोकरीच्या पहिल्या मुलाखतीत वाक्य मध्येच अडले तेव्हा कानशिले कशी तापतात तेही अनुभवले. त्यामुळे मुलांच्या इंग्रजीचा विषय निघाला की आपल्या पोटात आधी आपलीच जुनी भीती उठते. हे सगळे समजूनही मी स्पष्ट सांगते, की मराठी बंद करण्याचा तुमचा निर्णय चुकीचा आहे आणि तो मुलीच्या या परीक्षेच्याच दृष्टीने चुकीचा आहे. संस्कृतीचा आणि अस्मितेचा मुद्दा मी आज बाजूला ठेवते. केवळ गुणांचे बोलू.

तुमच्या मुलीची शाळा एक्यूए मंडळाची परीक्षा घेते, असे तुम्ही लिहिले आहे. त्यात इंग्रजी भाषेचे दोन पेपर असतात, प्रत्येकी पावणेदोन तासांचे आणि ८० गुणांचे, आणि प्रत्येक पेपरातील निम्मे गुण लेखनाचे असतात. म्हणजे एकूण १६० पैकी ८० गुण दोन्ही पेपरांतील पाचव्या प्रश्नावर ठरतात. पहिल्या पेपरात वर्णन किंवा कथा लिहायची असते, दुसऱ्यात एखाद्या विधानावर स्वतःचे मत लेख, पत्र किंवा भाषण अशा एखाद्या रूपात मांडायचे असते, आणि प्रत्येकासाठी साधारण ४५ मिनिटे मिळतात. त्या ४० गुणांपैकी २४ गुण आशयाचे आणि मांडणीचे असतात, तर शब्दसंपदा, वाक्यरचना, स्पेलिंग आणि विरामचिन्हे या सर्वांना मिळून १६. ही विभागणी आपण पालकांनी नीट पाहिली पाहिजे, कारण आपल्या शाळेत निबंध तपासताना लाल शाई बहुतेक स्पेलिंगवरच खर्च होत असे आणि आपल्या डोक्यात अजूनही तोच हिशेब आहे.

आता तुम्हीच पाठवलेले आकडे पाहा. पहिल्या पेपराच्या पाचव्या प्रश्नात मुलीला आशय-मांडणीत २४ पैकी ११ आणि शुद्धतेत १६ पैकी १० मिळाले आहेत. शुद्धतेत तिचे ६ गुण गेले, आशयात १३. शिक्षिकेने शेरा दिला आहे तो असा: "लिखाण पाठ केल्यासारखे वाटते. हिने स्वतः काय पाहिले, हिला काय वाटले, ते कुठेच दिसत नाही." ताई, रागावू नका, पण हा शेरा तुम्ही स्वतःच्या हाताने पत्रात उतरवला आणि त्याखाली लगेच विचारले, "तिचे इंग्रजी कच्चे राहिले असेल का?" तिचे इंग्रजी बऱ्यापैकी चांगले आहे. तिच्याकडे सांगण्यासारखे काही उरलेले नाही, आणि सप्टेंबरपासून घरात जे चालले आहे त्याने ते आणखी आटणार आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

मराठी बंद झाल्यावर तुमच्या जेवणाच्या टेबलावर काय बोलले जाते, याचा प्रामाणिकपणे विचार करा. "हाऊ वॉज स्कूल?" "फाइन." "एनी होमवर्क?" "डन." एवढ्यावर ताटे उचलली जातात. तुमचे इंग्रजी वाईट आहे असे मी म्हणत नाही. ऑफिसात, दवाखान्यात, पालकसभेत ते उत्तम चालत असेल. परंतु शेजारणीची नक्कल करायची, सासरच्या जुन्या भांडणाची गोष्ट रंगवून सांगायची, नवऱ्याचे म्हणणे खोडून काढायचे, एखादा माणूस कसा चालतो हे दोन वाक्यांत उभे करायचे, हे तुम्ही मराठीत करता. तुमची थट्टा, तुमचा तिरकसपणा, तुमची युक्तिवादाची धार सगळी त्या भाषेत आहे. गोष्ट कोठून सुरू करावी, कोठे थांबून ऐकणाऱ्याला ताटकळत ठेवावे, काय गाळावे, हे मूल घरातल्या मोठ्यांचे बोलणे ऐकून शिकते, आणि परीक्षकाकडे जे २४ गुण आहेत ते नेमके याचेच आहेत.

हे केवळ माझे मत नाही. एका भाषेत कमावलेली विचार करण्याची आणि मांडण्याची क्षमता दुसऱ्या भाषेत उपयोगी पडते, दोन्ही भाषांची मुळे आत एकमेकांशी जोडलेली असतात, हा विचार कॅनडातील संशोधक जिम कमिन्स यांनी १९७९ साली मांडला आणि द्विभाषिक मुलांच्या शिक्षणाच्या चर्चेत त्याचा आधार आजही घेतला जातो. त्याच्याही आधी, १९७५ साली, ॲलन बुलक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ब्रिटिश सरकारला दिलेल्या अहवालात स्पष्ट म्हटले होते, की शाळेचा उंबरठा ओलांडताना कोणत्याही मुलाने घरची भाषा आणि संस्कृती टाकून द्यावी अशी अपेक्षा धरू नये. इंग्रजीच्या अध्यापनाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीने हे लिहिले आणि आपण पन्नास वर्षांनंतर स्वतःहून घराच्या दाराला आतून कडी लावून बसतो, याचे मला फार वाईट वाटते.

माझ्या धाकट्या मुलाने काही वर्षांपूर्वी हीच परीक्षा दिली. त्या हिवाळ्यात माझ्या सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हते आणि दुपारभर घरात एकटे बसून कंटाळा येई, त्यामुळे तो शाळेतून आला की त्या त्याला समोर बसवून दिवसभराचा वृत्तान्त मागत. "मास्तर चिडले" एवढ्यावर त्यांचे समाधान होत नसे. "चिडले म्हणजे काय केले? आवाज चढवला की गप्प बसले? तू तेव्हा कुठे पाहत होतास? मग त्या पोराचे तोंड कसे झाले?" तो सुरुवातीला वैतागे, अडखळत मराठी शब्द शोधे, मध्ये इंग्रजी घाली. हळूहळू त्याला कळू लागले की आजीला पुढे ऐकावेसे वाटले पाहिजे, तर आधी डोळ्यांसमोर चित्र उभे राहिले पाहिजे. त्याच सुमारास त्याच्या इंग्रजीच्या वहीतले शेरे बदलले. आम्ही त्याला वेगळी शिकवणी लावली नव्हती. ज्या बाईंना इंग्रजीचे एक अक्षर येत नव्हते, त्यांनी त्याची तयारी करून घेतली, असे मी आजही मानते.

तेव्हा आजपासून मराठी पुन्हा सुरू करा आणि तिला अभ्यासाचाच भाग समजा. मुलीने रोज संध्याकाळी दिवसातली एक लहानशी गोष्ट मराठीत सांगावी आणि तुम्ही माझ्या सासूबाईंसारखे प्रश्न विचारावेत. गोष्ट लहानच हवी. ४५ मिनिटांत लिहायच्या कथेत खून, अपघात, विमानप्रवास आणि शेवटी स्वप्नातून जाग, एवढे सगळे कोंबले की कशालाच जागा उरत नाही. पाच मिनिटांत घडून गेलेला प्रसंग निवडावा आणि तो नीट पाहावा. मराठीत सांगून झाल्यावर तोच प्रसंग तिने इंग्रजीत लिहावा. शब्दशः भाषांतर करू नये, सांगताना तुम्ही जिथे हसलात, जिथे "मग?" म्हणून विचारलेत, त्या जागा मनात ठेवून नव्याने लिहावे.

येथे एक इशारा देते. घरचे लिहायचे म्हणजे दर वेळी आजीच्या स्वयंपाकघरातील मसाल्यांचा वास आणि पहिल्या पावसातला मातीचा गंधच लिहायचा, असे मुळीच नाही. आपली मुले हे पटकन लिहितात, कारण इथल्या वाचकाला ते आवडेल असे त्यांना वाटते, आणि मग तेही पाठ केल्यासारखेच होते. तुमची मुलगी रोज ज्या बसथांब्यावर उभी राहते तो थांबा, रात्रपाळी करून आलेले बाबा बूट काढताना भिंतीला हात टेकवतात ते, शाळेच्या डायनिंग हॉलमध्ये तिच्या डब्याकडे पाहून कोणी काय बोलले ते, हे सगळे तिचे आहे. माझे वडील सांगली जिल्ह्यात शिक्षक होते. ओढ्यावर निबंध लिहायला सांगण्याआधी ते वर्गाला ओढ्यावर घेऊन जात आणि परत आल्यावर पहिला नियम घालून देत, की जे पाहिले नाही ते वहीत येता कामा नये.

दुसऱ्या पेपरासाठी तर घरातला वाद हीच तयारी आहे. तिथे शाळेचा गणवेश, मोबाइल, शहरातील मोटारी, पाळीव प्राणी, अशा कोणत्याही विषयावर एक ठाम विधान दिलेले असू शकते आणि त्यावर मत मांडायचे असते. ज्या मुलीला घरी कोणी उलट प्रश्न विचारलेला नाही, ती तिथे तीन मुद्दे लिहून थांबते. तिच्या बाबांनी मुद्दाम विरुद्ध बाजू घ्यावी. व्हिडिओ कॉलवर आजोबा असतील तर त्यांना पंच करावे, कारण निवृत्त माणसाइतका चिकट प्रतिपक्ष दुसरा मिळत नाही. समोरचा काय म्हणेल हे आधीच ओळखून त्याला उत्तर देणे, एखादे उदाहरण शेवटासाठी राखून ठेवणे, हे तिने वीस वेळा तोंडी केले असेल तर कागदावर ते आपोआप उतरते. आमच्या घरी मुलगी आणि तिचे बाबा शाकाहारावरून हिवाळाभर भांडत होते, आणि तिचा त्या वर्षातला सर्वांत चांगला लेख त्याच विषयावर झाला.

तुमच्या शिकवणीच्या सरांनी "दहा तयार कथा आणि पन्नास भारी शब्द" पाठ करायला दिले आहेत, हे वाचून मला माझा भाचा आठवला. त्याने समुद्रावरच्या वादळाचे एक देखणे वर्णन पाठ केले होते. सराव परीक्षेत चित्र आले गजबजलेल्या बाजाराचे, तर त्याने भाजीच्या गाड्यांवर तेच वादळ आणून सोडले, आणि गुण जायचे तसे गेले. यामागचे कारण मी समजू शकते. इंग्रजी साहित्याच्या पेपरात पुस्तक जवळ ठेवता येत नाही, त्यामुळे नाटकातील आणि कवितांतील अवतरणे पाठ करावीच लागतात, आणि मुले व पालक तीच पद्धत भाषेच्या पेपराला लावतात. हे दोन विषय वेगळे आहेत आणि त्यांच्या ग्रेडही वेगळ्या मिळतात. गुणदानात समृद्ध शब्दसंपदेला महत्त्व आहे हे खरे, पण शब्द त्या जागी बसला पाहिजे. पन्नास शब्दांची यादी बाजूला ठेवून तिने वाचनात भेटलेला एखादा शब्द स्वतःच्या वाक्यात वापरून पाहिला तर तो तिचा होईल.

शुद्धतेचे राहिलेले ६ गुण मिळवणे तुलनेने सोपे आहे. मराठी घरांतील मुलांच्या लिखाणात ठरावीक चुका दिसतात: नामाआधीचे 'ए', 'ॲन', 'द' गळतात, दोन पूर्ण वाक्ये स्वल्पविरामाने जोडली जातात आणि भूतकाळात सुरू झालेली कथा मध्येच वर्तमानात शिरते. लिहून झाल्यावर शेवटची पाच मिनिटे फक्त या तीन गोष्टी शोधण्यासाठी राखून ठेवायला सांगा. यासाठी जेवणाच्या वेळची मराठी बंद करण्याची काहीच आवश्यकता नाही.

आता बाकीचे. अक्षर वाचता येत असेल तर ते सुंदर असण्याची गरज नाही. खरोखरच लागत नसेल तर शाळेतील विशेष गरजांच्या समन्वयकांशी आत्ताच बोला, कारण लॅपटॉपची परवानगी ऐनवेळी मिळत नाही. शिकवणी चालू ठेवायचीच असेल तर सरांना तयार कथा बंद करून तिने लिहिलेले तपासायला सांगा. सिक्स्थ फॉर्मला तिच्या विषयांसाठी ६ ग्रेड हवी आहे आणि तिला आज ५ आहे, म्हणजे अंतर फार नाही. ४ ला उत्तीर्णाची आणि ५ ला चांगल्या उत्तीर्णाची पातळी मानतात, तेव्हा "ती नापास होईल का" हा तुमचा प्रश्न मी सोडून देते.

लग्नाला अवश्य जा. शाळेला सुट्टी आहे, परीक्षा मे महिन्यात सुरू होते, आणि दोन आठवडे मुलगी काका-मावशांच्या गराड्यात मराठी ऐकेल, बोलेल, चिडेल, हसेल. सोबत दोन जुन्या प्रश्नपत्रिका द्या आणि लग्नघरातला कोणताही एक प्रसंग ४५ मिनिटांत लिहून आणायला सांगा. परतल्यावर तो शिक्षिकेला दाखवा आणि आशयाच्या २४ पैकी किती देता, एवढेच विचारा.