विमा कंपनीतली नोकरी सोडून मिमिक्री आणि कॉमेडी करावी का?

तुम्ही लिहिलंय की वय ३१, इंदूरला विमा कंपनीत कायम नोकरी, सगळ्या साहेबांचे आवाज हुबेहूब काढता, मित्र म्हणतात स्टेजवर जा, आणि घरी अजून विषयसुद्धा काढलेला नाही. मी इथेच, इंदूरला, चार्टर्ड अकाउंटंट होते. आता नकला आणि कॉमेडी हाच माझा व्यवसाय आहे. माझं उत्तर असं की जरूर करा, पण राजीनामा आत्ता देऊ नका.

ऑफिसातल्या हशावर विसंबता येत नाही. तुमचे साहेब तिथे सगळ्यांना माहीत असतात, त्यांच्यावर सगळ्यांचा थोडाफार राग असतो, त्यामुळे तुम्ही नुसता घसा खाकरलात तरी खोली हसते. विजयनगरच्या कॅफेत ओपन माइकला, म्हणजे कुणीही स्टेजवर येऊन सादर करावं अशा कार्यक्रमाला, आलेल्या पोरांना तुमचे साहेब कोण हे ठाऊक नसतं. तिथे तुमचं लिखाणच कामी येतं. प्रसिद्ध आवाज काढलात तर टाळी मिळेल, पण ती ओळख पटल्याची टाळी, लगेच विरते. खरं हसू त्यानंतर येतं, तो आवाज एखाद्या भलत्याच जागी नेऊन सोडला की. हर्षा भोगले यांच्या लयीत मी रामबागेतल्या हळदीकुंकवाचं समालोचन करते. आवाज जेमतेम जुळतो. पण वाण घ्यायला उठलेल्या काकूंची चाल, ओटीचा नारळ कुणाकडून निघून कुणाकडे पोचला, हे मी लहानपणापासून पाहिलंय, आणि लोक हसतात ते त्याला.

आता कानाबद्दल, कारण माझ्या मते सगळी कला तिथेच आहे. ऑडिटच्या निमित्तानं मी एम. टी. क्लॉथ मार्केट आणि सियागंजच्या व्यापाऱ्यांसमोर वर्षानुवर्षं बसले. विक्रीचा आकडा विचारला की कुणी आधी श्वास रोखायचे, कुणी पोऱ्याला चहा सांगायचे, कुणी ‘लिख लो ना मॅडम’ म्हणताना वाक्याचा शेवट गिळून टाकायचे. नक्कल इथून सुरू होते. नवखी माणसं सूर पकडायला धावतात. बाईच्या गळ्यातून पुरुषाचा खर्ज निघत नाही. पुरुषाचा बोलण्याचा आवाज साधारण सेकंदाला शंभर-सव्वाशे कंपनांचा, बाईचा दोनशेच्या आसपास. म्हणून मी सूर सोडून दिला आणि माणूस श्वास कुठे घेतो, कोणत्या शब्दावर रेंगाळतो, वाक्य संपताना वर जातो की खाली येतो, एवढंच टिपत गेले. डोळे मिटून ऐकणाऱ्यालाही माणूस ओळखू येतो तो यावरून. तुमच्या काउंटरवर क्लेम मागायला रोज नवी माणसं येतात, हा खजिना नोकरी सुटली की मिळणार नाही. वही ठेवा. फक्त कुणाच्या तोतरेपणावर किंवा जातीच्या बोलीवर हसू मागू नका. त्यावर लोक हसतात, तरीही नको.

नोकरी करता करता कला वाढते याचा दाखला आपल्याच गावचा आहे. इंदूरला जन्मलेले बद्रुद्दीन काझी मुंबईत बेस्टचे कंडक्टर होते आणि बसमध्ये प्रवाशांची करमणूक करायचे. बलराज साहनींनी त्यांना गुरुदत्तांकडे धाडलं, तिथे त्यांनी दारुड्याची नक्कल केली आणि पुढे ते जॉनी वॉकर झाले. जॉनी लिव्हर यांना तर नावच हिंदुस्तान लिव्हरमध्ये साहेबांच्या नकला करून मिळालं.

पैशाचं सरळ सांगते. ओपन माइकला पैसे मिळत नाहीत. इंदुरात घर चालतं ते कंपन्यांच्या वार्षिक कार्यक्रमांवर, निवेदनावर आणि लग्नातल्या संगीताच्या रात्रींवर. देवशयनी एकादशीपासून देवउठनीपर्यंत लग्नंच नसतात, म्हणजे चार महिने हात आखडता. मधे गणेशोत्सवात मराठी मंडळांचे कार्यक्रम मिळतात, त्यांचं मानधन बेताचं असतं. पण इथल्या ‘सानंद’ या मराठी संस्थेची नाटकं बघून तयार झालेला तो प्रेक्षक लिखाणातली कच्ची जागा लगेच ओळखतो, म्हणून मी ते कधी सोडत नाही. निम्मी रक्कम आगाऊ घ्या. कंपन्या मानधनातून १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापायचा आयकर, कापतात, रिटर्न भरून हिशेब लावून घ्या. राजीनाम्याआधी ग्रॅच्युइटीची पाच वर्षं पूर्ण झालीत का, तेही बघा.

एखादा दुकानदार मोठ्या नटाच्या आवाजात जाहिरात करून मागेल. नाही म्हणा. अमिताभ बच्चन यांच्या बाबतीत २०२२ मध्ये आणि अनिल कपूर यांच्या बाबतीत २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्यांचं नाव, छबी, आवाज परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरायला मनाई केली आहे. स्टेजवरची नक्कल वेगळी आणि माल विकणं वेगळं.

गळा जपा. घोगरे आवाज ताणून काढले की स्वरयंत्रावर गाठी येऊ शकतात. कार्यक्रमानंतर कुजबुजत बोलू नका, त्यानंही ताण पडतो. सरळ गप्प बसा. आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

आई-बाबांना थोरामोठ्यांची उदाहरणं देऊ नका. डॉ. श्रीराम लागूंनी चाळिशीनंतर, १९६९ मध्ये, सर्जनचा व्यवसाय सोडून पूर्णवेळ नाटक धरलं, हे मी बाबांना सांगितलं होतं. ते म्हणाले, “त्यांना परत जाता आलं असतं.” मग मी त्यांच्यापुढे पासबुक ठेवलं, पुढच्या हंगामाचे ठरलेले कार्यक्रम दाखवले, आणि मंडळाच्या एका कार्यक्रमाला दोघांना घेऊन गेले. परवानगी त्या रात्री मिळाली नाही, पण आई दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना फोनवर त्यातली एक नक्कल करून दाखवत होती.

तेव्हा अनोळखी लोकांपुढे स्वतः लिहिलेली चाळीस मिनिटं एकापेक्षा अधिक वेळा नीट पार पडली, आणि एक अख्खा चातुर्मास बचतीवर निघेल एवढे पैसे बाजूला पडले, की राजीनामा द्या. तोवर शनिवार-रविवार आहेत.