काकांची नोट आणा, पण दुकानात काढू नका

मार्चमध्ये नोकरीसाठी डब्लिनला येताय, आणि काकांनी नव्वदच्या दशकात इथून नेलेली वीस आयरिश पौंडांची नोट नि मूठभर नाणी बरोबर आणू का, असं विचारलंत. जरूर आणा. पौंड ९ फेब्रुवारी २००२ लाच व्यवहारातून बाद झाला, त्यामुळे दुकानदार घेणार नाही. पण इथली सेंट्रल बँक जुन्या नोटा अजूनही बदलून देते. मुदत नाही, कापाकापी नाही. दरही तेव्हा ठरला तोच, ०.७८७५६४ पौंडाला एक युरो. म्हणजे डॅनियल ओकॉनेलचं चित्र असलेल्या त्या नोटेचे २५ युरो ३९ सेंट. इथे खातं उघडलं की अर्ज भरून पोस्टाने पाठवा.

नाणी मात्र मी बदलणार नाही. वीस पेन्सवरचा घोडा आणि दहावरचा सामन मासा मूळचे १९२८ सालच्या नाण्यांवरचे; ते प्राणी निवडणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते कवी डब्ल्यू. बी. येट्स! हरणाचं एक पौंडाचं नाणं बरंच नंतरचं, १९९० चं. त्याचे मिळणार १ युरो २७ सेंट. त्यात कॉफीसुद्धा येत नाही, राहू द्या घरात.

रोख दोनशे-तीनशे युरो पुष्कळ झाले. कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं, ५० युरोपर्यंत पिनही लागत नाही. अडतं ते बसमध्ये. ड्रायव्हर नोट घेत नाही, सुटे परत देत नाही. पहिल्याच आठवड्यात वीसची नोट हातात धरून मी पावसात खाली उतरलोय. आल्या आल्या लीप कार्ड, म्हणजे बसभाड्यासाठी आधी पैसे भरून ठेवायचं कार्ड, घ्या.

क्विड म्हणजे बोलीभाषेत पौंड; पण कोणी ‘ट्वेंटी क्विड’ म्हणालं तर ते वीस युरोच, जुनी सवय जात नाही. रोखीचं बिल पाच सेंटांना जुळवतात: ४.९८ चे पाच घेतले तर फसवलं म्हणू नका, ४.९७ चे ४.९५ च घेतील. पाण्याच्या बाटलीवर १५ सेंट जादा दिसतील, मोठीवर २५. ती अनामत आहे. रिकामी बाटली न चेपता दुकानातल्या यंत्रात टाकली की परत मिळते. आपल्याकडे रद्दीवाल्याला बाटल्या देणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही.

उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला जाल तेव्हा सीमेवर काही कळणारही नाही, पण तो भाग ब्रिटनचा, तिथे ब्रिटिश पौंड चालतो. एटीएममधून अल्स्टर बँकेच्या किंवा डान्स्के बँकेच्या नोटा येतील. खऱ्याच आहेत, पण लंडनचे दुकानदार त्या उलटसुलट करून बघतात आणि कधी नाकारतातही. परतीच्या गाडीत बसण्याआधी तिथेच संपवा.