हेर्टा म्युलर यांच्या 'द लँड ऑफ ग्रीन प्लम्स' या कादंबरीत पत्रात केस का ठेवतात?

पत्र वाटेत कोणी फोडलं का, हे कळावं म्हणून. केस गायब असेल तर पाकीट उघडलं गेलंय. हुकूमशहा चाउशेस्कूच्या रोमानियात गुप्त पोलीस टपाल वाचायचे, म्हणून मजकुरातही खुणा पेरलेल्या आहेत: नखं कापायची कात्री म्हणजे चौकशी, बूट म्हणजे झडती, सर्दी म्हणजे मागावर माणूस. मायन्यापुढे नेहमी उद्गारचिन्ह, जिवाला धोका असेल तर स्वल्पविराम. (आपल्याला मायन्यापुढे स्वल्पविरामाचीच सवय, त्यामुळे ही खूण सहज निसटते.) मात्र हे संकेत निवेदिकेचे मित्र एडगर, कुर्ट आणि गेओर्ग यांच्याशी ठरलेले, तिची जिवलग मैत्रीण तेरेझा त्यात नाही. निवेदिका जर्मनीत गेल्यावर तेरेझा तिला भेटायला येते, तेव्हा तेरेझाच्या बॅगेत निवेदिकेच्या घराची बनवून घेतलेली दुसरी किल्ली सापडते.