पीसी चालू केला की लोगो दिसतो आणि मग मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ येतं. रीस्टार्ट केलं की ठीक चालतं. केबल डिस्प्लेपोर्टची आहे. दुकानदार म्हणतो मॉनिटर गेला. मॉनिटर बदलावा लागेल का?

इतक्यात पैसे घालू नका. दुकानदार काहीही म्हणो, तुमच्या वर्णनावरून तरी मॉनिटर गेलेला दिसत नाही. ‘नो सिग्नल’ ही अक्षरं मॉनिटर स्वतःच पडद्यावर आणतो. म्हणजे त्याचं पॅनेल, बॅकलाइट आणि बोर्ड काम करतायत, केबलमधून मात्र काही येत नाहीये. खात्री करायची असेल तर तोच मॉनिटर कुणाच्या लॅपटॉपला लावा आणि अर्धा तास चालू ठेवा. तिथे नीट चालला तर त्याचा विषय संपला.

तुम्ही म्हणता, सकाळी पहिल्यांदा पीसी चालू केला की मदरबोर्डचा लोगो येतो, खाली ठिपके गोल फिरतात, मग पडदा काळा होतो. रीस्टार्ट केलं की सगळं ठीक. या दोन वाक्यांतच बराचसा निकाल लागलाय. लोगो दिसतो याचा अर्थ रॅम, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, पोर्ट हे सगळं निदान सुरू तरी होतंय. तिथपर्यंतचं चित्र साध्या फर्मवेअरच्या, म्हणजे मदरबोर्ड आणि कार्डातच भरलेल्या मूळ प्रोग्रॅमच्या, जोरावर येतं. त्यानंतर विंडोजचा ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, ताबा घेतो, रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट (चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने येतं तो आकडा, हर्ट्झमध्ये) आपल्या हिशोबाने लावतो. चित्र नेमकं या सांध्यावर जातंय.

पडदा काळा झाला की लगेच रिसेट दाबू नका. एखादं मिनिट थांबा आणि कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबून बघा. दिवा लागतो-विझतो का? लागत असेल तर विंडोज आत व्यवस्थित चालू आहे, तुम्हाला फक्त दिसत नाहीये. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. याने ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, बहुतेक वेळा एक बीप ऐकू येते. चित्र परत आलं तर दोष ड्रायव्हरच्या बाजूला आहे असं धरून चला. कॅप्स लॉकचा दिवा ढिम्म हलत नसेल तर मशीनच अडकलंय, मग कार्ड आणि पॉवर सप्लायकडे बघावं लागेल.

आता माझा पहिला संशय. शटडाउन करून सकाळी चालू केलं की बिघाड आणि रीस्टार्ट केलं की ठीक, हे ऐकलं की मी आधी फास्ट स्टार्टअप बघतो. विंडोज 8 पासून ही सोय आली. ती चालू असताना शटडाउन म्हणजे पूर्ण बंद नसतं. विंडोज आपला गाभा, ड्रायव्हरच्या स्थितीसकट, डिस्कवर लिहून ठेवतं आणि सकाळी तोच परत उचलतं. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं कोऱ्या पाटीवरून सुरू होतं. काही ड्रायव्हरना हे झोपेतून उठणं जमत नाही.

तपासायला सोपं आहे. आज रात्री शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक करा. तेवढ्यापुरतं मशीन पूर्ण बंद होतं. असं चार-पाच रात्री करून सकाळी चित्र टिकलं तर कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ उघडा. वरच्या निळ्या ओळीवर क्लिक केल्याशिवाय खालची खूण काढता येत नाही, तिथे बरेच जण अडतात. फास्ट स्टार्टअपची खूण काढून सेव्ह करा. डिस्क एसएसडी असेल तर चालू व्हायला लागणारा जास्तीचा वेळ जाणवणारही नाही.

त्याने फरक पडला नाही तर केबल. लोगोच्या वेळी केबलवर सहसा फारसा भार नसतो. विंडोजने 144 हर्ट्झसारखा जास्त रेट लावला की कमअस्सल किंवा लांबलचक केबलची परीक्षा होते. सेटिंग्जमध्ये रिफ्रेश रेट 60 वर आणून दोन दिवस बघा. 60 वर टिकतंय आणि 144 वर जातंय, तर केबल बदला, मॉनिटर नव्हे. तुमची डिस्प्लेपोर्ट केबल आहे, म्हणून एक खास गोष्ट: या केबलमध्ये 20 नंबरची पिन दोन्ही टोकांना जोडलेली नसायला हवी, पण काही स्वस्त केबल्समध्ये ती जोडलेली असते. मग मॉनिटरकडून 3.3 व्होल्ट उलटे कार्डात शिरतात आणि चालू होतानाच्या नाना तऱ्हा सुरू होतात. व्हेसा (डिस्प्लेपोर्टचे नियम ठरवणारी संस्था) प्रमाणित केबल घ्या, शक्यतो दोन मीटरच्या आतली. मॉनिटरच्या मेनूत ‘डिस्प्लेपोर्ट डीप स्लीप’ किंवा तसलं काही असेल तर तेही बंद करा, आणि इनपुट ‘ऑटो’वर न ठेवता डिस्प्लेपोर्टवर पक्कं करा.

तरीही तेच चालू राहिलं तर सेफ मोडमध्ये जाऊन बघा. तिथे विंडोज कार्डाचा ड्रायव्हर बाजूला ठेवून स्वतःचा साधा ड्रायव्हर वापरतं. चित्र टिकलं तर जुना ड्रायव्हर ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ नावाच्या प्रोग्रॅमने मुळापासून काढा आणि कार्ड बनवणाऱ्याच्या साइटवरून नवा टाका. नुसता वरून अपडेट केला तर जुनी घाण तशीच राहते.

ज्यांना लोगोसुद्धा दिसत नाही त्यांचं प्रकरण वेगळं, तेही थोडक्यात लिहितो कारण खाली कुणीतरी विचारणारच. आधी केबल ग्राफिक्स कार्डाला लावलीय की मदरबोर्डला ते बघा. 12400एफसारख्या, नावात एफ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सच नसतात, त्यामुळे मदरबोर्डच्या पोर्टातून काही येणार नाही. मदरबोर्डवर छोटे दिवे असतील तर डीरॅम (म्हणजे रॅमचा) किंवा व्हीजीए (म्हणजे ग्राफिक्सचा) यांपैकी कुठला लागून राहतो ते बघा. डीडीआर5 रॅम नवी टाकली असेल तर पहिल्यांदा काही मिनिटं पडदा काळा राहू शकतो, घाबरून बंद करू नका. आणि पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर धरतो. प्लग काढा, अंगातली स्थिर वीज निघून जावी म्हणून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, रॅम बाहेर काढून पेन्सिलच्या पांढऱ्या खोडरबरने पट्ट्या हलक्या हाताने पुसा. शाई खोडायचा खरखरीत रबर नको, तो मुलामाच खरवडतो. रबराचा चुरा ब्रशने झटकूनच रॅम परत बसवा, दोन्ही बाजूंनी ‘टक्’ वाजेपर्यंत.

लॅपटॉपवरही तो चालला नाही तर गोष्ट वेगळी; एरवी मॉनिटर खरंच दोषी ठरतो तो मुख्यतः या लक्षणावर: केबल काढून नुसता मॉनिटर चालू केला आणि त्याचा स्वतःचा मेनूच फडफडतोय, अंधुक दिसतोय किंवा चालू-बंद होतोय. तसं असेल तर बिल शोधा. बऱ्याच कंपन्या मॉनिटरला 3 वर्षांची वॉरंटी देतात.

आधी शिफ्टवाला प्रयोग करा. काय झालं ते, कार्ड कुठलं आहे आणि मॉनिटर किती हर्ट्झवर चालतोय ते इथेच लिहा, पुढचं बघू.